तळटिपा बिघडल्या की काय करायचं

ओळखीतल्या एका मुलीचा प्रबंध छपाईला जायच्या आदल्या रात्री माझ्याकडे आला. मजकूर उत्तम, संदर्भ चोख, पण तळटिपांकडे बघवत नव्हतं. काही टिपा मोठ्या अक्षरात, काही बारीक. काहींचे आकडे वर चढलेले, काहींचे ओळीतच बसलेले. एका पानावर टिपांच्या रेघेखाली उगीच मोकळी जागा, तर दुसऱ्या पानावर निम्मी टीप पुढच्या पानावर पळालेली. "मी एकेक टीप सिलेक्ट करून नीट केली होती हो," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

घोळ नेमका तिथेच होता.

वर्ड प्रोसेसरमध्ये टिपांना हाताने टापटीप करू गेलं की त्या बिघडतात. दहा टिपा असतील तर निभावून जातं. दोनशे असल्या की पंधरा-वीस नजरेतून सुटतात, आणि त्या सुटलेल्या टिपाच आधी परीक्षकाच्या डोळ्यांत भरतात. हे टाळायचं असेल तर तळटीप आतून कशी बांधलेली असते ते एकदा समजून घ्यावं लागतं. फार अवघड नाही ते.

एका टिपेचे चार तुकडे

आपल्याला तळटीप ही एक वस्तू वाटते. प्रोग्रॅमच्या लेखी त्या चार वस्तू आहेत. पहिली, मजकुरात शब्दापाशी बसलेला छोटा आकडा. दुसरी, पानाच्या तळाशी टिपेच्या सुरुवातीला येणारा तोच आकडा. तिसरी, टिपेचा मजकूर. आणि चौथी, मजकूर व टिपा यांच्यामधली आडवी रेघ. या चौघांचे कपडे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले असतात. या कपाटांना स्टाइल म्हणतात, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतरं यांचा नाव देऊन ठेवलेला एकत्रित संच. वर्डमध्ये दोन्ही आकड्यांना 'फुटनोट रेफरन्स' नावाची स्टाइल लागते, टिपेच्या मजकुराला 'फुटनोट टेक्स्ट', आणि रेघेला स्वतःची अशी स्टाइलच नसते, ती 'नॉर्मल'च्या आश्रयाला असते. हा शेवटचा तपशील लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

वर्डची डॉक्सएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप पेटी असते. तिच्या एखाद्या प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि ती उघडली, तर आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये मुख्य मजकुराची एक फाइल आणि तळटिपांची दुसरी, अशी फाळणी स्पष्ट दिसते. मुख्य मजकुरात टीप नसतेच. तिथे फक्त 'इथे अमुक टीप जोडायची' अशी खूण असते. आकडासुद्धा लिहिलेला नसतो, तो प्रोग्रॅम दर वेळी नव्याने मोजतो.

या फाळणीतून बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. कंट्रोल-ए दाबून 'सगळं' सिलेक्ट केलं, फॉन्ट बदलला, आणि टिपा जुन्याच फॉन्टमध्ये राहिल्या, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. मुख्य मजकुरात उभं राहून 'सगळं' म्हटलं की त्याचा अर्थ मुख्य मजकुरातलं सगळं एवढाच होतो. कर्सर एखाद्या टिपेत नेऊन कंट्रोल-ए दाबा, म्हणजे सगळ्या टिपा एकदम हातात येतील. तसंच टीप काढायची असेल तर मजकुरातला आकडा पुसायचा असतो. खालचा मजकूर पुसला तर खूण जागेवरच राहते आणि पानाच्या तळाशी एक रिकामी, नुसत्या आकड्याची टीप ताटकळत बसते.

आधी खरी आणि खोटी वेगळी करा

बिघडलेली फाइल हातात आली की मी सर्वात आधी मजकुरातल्या दोन-चार आकड्यांवर डबल-क्लिक करून बघतो. टीप खरी असेल तर वर्ड लगेच उडी मारून खालच्या टिपेवर नेतं, आणि खालच्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की परत वर आणतं. उडी मारली नाही, तर तो आकडा कुणीतरी हाताने टाइप करून सुपरस्क्रिप्ट केलेला, म्हणजे बारीक करून वर चढवलेला आहे. त्याच्या खालची 'टीप' म्हणजे पानाच्या शेवटी लिहिलेला साधा परिच्छेद. मजकुरात वर दोन ओळी वाढल्या की हा परिच्छेद पुढच्या पानाच्या मध्यावर जाऊन बसतो.

वेब पानावरून मजकूर उचलून आणला की असाच प्रकार होतो. आकडे निळे, अधोरेखित, लिंकसारखे दिसतात, कारण त्या लिंकच असतात. अशा खोट्या टिपांना जादूचा उपाय नाही. खालचा मजकूर कट करायचा, खोटा आकडा पुसायचा, तिथे 'रेफरन्सेस' टॅबवरून किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबून खरी टीप घालायची आणि मजकूर नुसता, फॉरमॅटिंग न आणता, पेस्ट करायचा. कंटाळवाणं काम आहे. पण हे केल्याशिवाय पुढची कुठलीही दुरुस्ती टिकत नाही, म्हणून त्याला पर्याय नाही.

दुरुस्ती करायची ती स्टाइलची

टिपा खऱ्या आहेत हे कळलं की पुढचं काम सोपं. कुठल्याही एका टिपेत राइट-क्लिक करा, यादीतून 'स्टाइल' निवडा. खिडकी उघडते तेव्हा 'फुटनोट टेक्स्ट' आधीच निवडलेली असते. 'मॉडिफाय' दाबा आणि फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर, समास, जे काय हवं ते इथे एकदाच ठरवा. वर्डमध्ये टिपेचा आकार मुळात १० पॉइंट असतो. तुमच्या नियमावलीत ९ असेल तर तो बदलण्याची जागा ही.

त्याच खिडकीत तळाशी 'ऑटोमॅटिकली अपडेट' असा एक चौकोन असतो. त्यात खूण असेल तर काढून टाका. ती असताना एखाद्या टिपेचा सगळा परिच्छेद तुम्ही हौसेने बदललात, की तोच बदल सगळ्या टिपांवर चढतो आणि हे कुणी केलं ते कळत नाही.

आता प्रश्न येतो तो आधी हाताने केलेल्या बदलांचा. हाताने दिलेलं फॉरमॅटिंग स्टाइलवर नेहमी मात करतं. एखाद्या टिपेला तुम्ही स्वतः ११ पॉइंट दिले असतील, तर स्टाइलमध्ये ९ करून तिच्यावर काही परिणाम होत नाही. म्हणजे आधी हाताचे डाग धुवायला हवेत. परिच्छेदाचे डाग, म्हणजे समास आणि ओळींची अंतरं, धुण्यासाठी कर्सर टिपेत ठेवून कंट्रोल-ए, मग कंट्रोल-क्यू. यात धोका नाही, बेधडक करा.

अक्षरांचे डाग धुण्यासाठी कंट्रोल-स्पेसबार आहे, आणि इथे मात्र जपून. ही कळ फॉन्ट आणि आकार तर पूर्ववत करतेच, शिवाय पुस्तकांच्या नावांची तिरकी अक्षरंही सरळ करून टाकते. आणखी एक गंमत म्हणजे टिपेच्या सुरुवातीच्या आकड्यावरची 'फुटनोट रेफरन्स' स्टाइलही ती पुसते, आणि वर चढलेला आकडा धपकन ओळीत उतरतो. त्या मुलीच्या प्रबंधात अर्धे आकडे ओळीत बसले होते ते यामुळेच. कुणीतरी तिला 'कंट्रोल-स्पेस दाब, सगळं साफ होतं' असं सांगितलं होतं. साफ झालं होतं, खरंच.

म्हणून तिरक्या अक्षरांच्या टिपा भरपूर असतील तर मी एक तडजोड करतो. सगळ्या टिपा सिलेक्ट करून त्यांना स्टाइलमधलाच फॉन्ट आणि आकार देऊन टाकतो. हे शास्त्रशुद्ध नाही हे मला माहीत आहे. पण तिरकी अक्षरं वाचतात, आकडे वरच राहतात आणि रात्री झोप लागते.

मजकुरातले आकडे ओळीत उतरले असतील तर 'फाइंड अँड रिप्लेस' मदतीला येतं. शोधायच्या चौकटीत 'स्पेशल' मधून 'फुटनोट मार्क' निवडा, बदलायच्या चौकटीत 'स्पेशल' मधूनच 'फाइंड व्हॉट टेक्स्ट' निवडा आणि 'फॉरमॅट' मधून 'फुटनोट रेफरन्स' स्टाइल जोडा. 'रिप्लेस ऑल' केलं की सगळे आकडे एका झटक्यात वर. तळाचे थोडेच आकडे बिघडले असतील तर एका चांगल्या आकड्यावर कर्सर ठेवून 'फॉरमॅट पेंटर'वर डबल-क्लिक करायचं आणि बाकीच्यांवरून एकेक करून ब्रश फिरवायचा.

नॉर्मल बदललं आणि टिपा हलल्या

'फुटनोट टेक्स्ट' ही 'नॉर्मल'ची लेक आहे. जे तिने स्वतः ठरवलेलं नाही ते सगळं ती आईकडून घेते. तुम्ही मुख्य मजकुरासाठी नॉर्मलमध्ये पहिल्या ओळीला आत सरकवलंत की टिपाही आत सरकतात. म्हणून मुख्य मजकुरासाठी 'बॉडी टेक्स्ट' किंवा स्वतःची वेगळी स्टाइल वापरणं शहाणपणाचं. नॉर्मलला हात न लावलेला बरा.

मघाशी म्हटलेली रेघ इथे येते. ती नॉर्मल स्टाइलच्या परिच्छेदात बसलेली असते. वर्ड २०१३ पासून नॉर्मलमध्ये परिच्छेदानंतर ८ पॉइंट जागा आणि १.०८ पट ओळी अशी मांडणी आयती येऊ लागली, त्यामुळे रेघ आणि पहिली टीप यांच्यात विनाकारण फट दिसू शकते. पहिली ओळ आत सरकवलेली असेल तर रेघही आत सरकते. साध्या दृश्यात या रेघेवर क्लिक करून काहीच होत नाही, म्हणून माणसं वैतागतात. तिथे पोचायचा रस्ता असा: 'व्ह्यू' मधून 'ड्राफ्ट' निवडा, मग 'रेफरन्सेस' मधून 'शो नोट्स'. खाली एक पट्टी उघडते. तिच्यातल्या यादीत 'फुटनोट सेपरेटर' निवडलं की रेघ समोर येते, आणि तिला साध्या परिच्छेदासारखं वागवता येतं. नंतरची जागा शून्य करा, ओळीचं अंतर सिंगल करा, झालं. कुणी तिथे चार वेळा एंटर मारून ठेवलं असेल, तर त्याच पट्टीवर 'रीसेट' बटण आहे.

याच यादीत 'कंटिन्युएशन सेपरेटर' दिसेल. टीप पुढच्या पानावर वाहून गेली की तिथे नेहमीच्या आखूड रेघेऐवजी समासापासून समासापर्यंत लांब रेघ येते, ती ही. अनेकजण हिला बिघाड समजून तासभर झगडतात. तो बिघाड नाही, 'ही टीप मागच्या पानावरून आली आहे' असं वाचकाला सांगण्याची ती खूण आहे.

देवनागरीची वेगळी डोकेदुखी

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण येते, जिचा उल्लेख इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये क्वचितच सापडतो. टिपेचा आकार ९ केला, तर टिपेतला रोमन लिपीतला मजकूर लहान होतो आणि देवनागरी मात्र होती तेवढीच राहते. कारण वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये दोन फॉन्ट आणि दोन आकार सांभाळतं. एक लॅटिन अक्षरांसाठी, दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी, आणि देवनागरी या दुसऱ्या गटात मोडते. 'मॉडिफाय' च्या खिडकीत 'फॉरमॅट', मग 'फॉन्ट' उघडा. तिथे दोन्ही कप्पे वेगवेगळे दिसतात. दोन्हींत आकार भरा. कॉम्प्लेक्सचा कप्पा दिसतच नसेल तर वर्डच्या भाषांच्या यादीत मराठी जोडलेली नाही असं समजा, आधी ती जोडा.

दुसरी गोष्ट ओळींच्या अंतराची. टिपेच्या आकड्यामुळे तेवढीच एक ओळ खाली ढकलल्यासारखी दिसते, तेव्हा अंतर 'एक्झॅक्टली' करून अमुक पॉइंट द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. रोमन लिपीत तो चालून जातो. देवनागरीत अंतर जरा कमी दिलं की वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात. म्हणून आधी आकड्याचा फॉन्ट तपासा. बहुतेकदा तो कुठून तरी पेस्ट होऊन आलेल्या, जास्त उंचीच्या फॉन्टमध्ये असतो, किंवा कुणीतरी सुपरस्क्रिप्टऐवजी हाताने 'रेझ्ड' करून वर उचललेला असतो. त्या एका आकड्याला 'फुटनोट रेफरन्स' परत दिली की ओळ जागेवर येते. 'एक्झॅक्टली' द्यायचंच झालं तर सढळ हाताने द्या आणि 'र्‍हस्व', 'कर्तृत्व', 'कॅरॅक्टर' असे शब्द छापून बघा.

आकडे चुकतात तेव्हा

मजकुरातला क्रम १, २, ३, ५ असा दिसला तर चौथी टीप हरवली म्हणून घाबरू नका. 'ट्रॅक चेंजेस', म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय, चालू असेल तर पुसलेली टीपही बदल मान्य होईपर्यंत मोजणीत धरलेली असते. बदल 'ॲक्सेप्ट' केले की क्रम सरळ होतो. मार्गदर्शकाकडून परत आलेल्या फायलींत हे हमखास दिसतं.

प्रत्येक प्रकरणात आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात आणि तुम्हाला ते सलग हवे आहेत, किंवा उलट, तर 'रेफरन्सेस' मधल्या तळटिपांच्या गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा. 'नंबरिंग' मध्ये सलग, दर सेक्शनला (म्हणजे 'सेक्शन ब्रेक'ने वेगळ्या केलेल्या भागाला, बहुधा प्रकरणाला) नव्याने आणि दर पानाला नव्याने असे तीन पर्याय आहेत. 'अप्लाय चेंजेस टू' मध्ये 'होल डॉक्युमेंट' निवडलंय ना, एवढं पाहा. ते विसरलं की एकच प्रकरण सुधारतं आणि बाकीची तशीच राहतात. त्याच खिडकीत 'कस्टम मार्क' ची चौकट आहे. तिच्यात कुणी आकडा टाइप केला असेल तर टीप खरी असूनही तो आकडा गोठलेला राहतो, पुढे-मागे टिपा वाढल्या तरी बदलत नाही. अशी टीप नव्याने घालणंच बरं.

'वरील टीप १२ पाहा' असं लिहायचं असेल तर १२ हाताने लिहू नका. 'क्रॉस-रेफरन्स' मधून तळटीप निवडा. मग वर टिपा घातल्या-काढल्या की एफ-९ दाबून आकडा अद्ययावत करता येतो. पण मघाची फाळणी इथेही लागू आहे. मुख्य मजकुरात कंट्रोल-ए आणि एफ-९ केल्याने टिपांमधले क्रॉस-रेफरन्स बदलत नाहीत. टिपांमध्ये जाऊन तेच पुन्हा करावं लागतं.

पानावर न मावणारी टीप

हा सर्वात जुना आणि खरा अवघड प्रश्न. पानाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत आकडा आहे आणि त्याची टीप आठ ओळींची आहे. टीप पूर्ण बसवायची तर वरच्या मजकुराच्या सहा-सात ओळी पुढच्या पानावर ढकलाव्या लागतात. पण त्या ढकलल्या की आकड्याची ओळही त्यांच्याबरोबर पुढे जाते. आकडा गेला की टीपही गेली, मग या पानावर जागाच जागा. जागा आहे म्हणून मजकूर परत आणला की आकडा आला, मागोमाग टीप आली, पुन्हा जागा नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, अशी ही गत. यातून सुटण्यासाठी प्रोग्रॅम टिपेचे दोन तुकडे करतो, मावेल तेवढी इथे आणि उरलेली पुढच्या पानावर.

त्याला तुकडे करू दिले नाहीत तर पानावर मोठी पोकळी पडते. म्हणून पोकळी दिसली की 'फुटनोट टेक्स्ट' च्या परिच्छेद मांडणीत 'कीप लाइन्स टुगेदर' ला खूण आहे का बघा आणि असली तर काढा. टीप तक्त्यातली असेल तर त्या ओळीची 'अलाउ रो टु ब्रेक' ही परवानगी तपासा. ती बंद असली की उंच ओळ टिपेसकट पुढच्या पानावर उडी मारते. मजकुरातल्या परिच्छेदांवर एकापाठोपाठ 'कीप विथ नेक्स्ट' दिलेलं असेल तरी हेच होतं. टीप पानाच्या तळाशी न बसता मजकुराला चिकटून अर्ध्या पानावर तरंगत असेल, तर नंबरिंगच्याच खिडकीत जागा 'बिलो टेक्स्ट' ऐवजी 'बॉटम ऑफ पेज' करा.

माझं मत विचाराल तर मजकूर अंतिम होईपर्यंत या पानफुटीच्या वाटेला जाऊच नये. वर एक वाक्य वाढलं की सगळं पुन्हा हलणार आहे. एंटर मारमारून किंवा पेज ब्रेक घालून टीप पानावर बसवली तर उद्या तेच एंटर भलत्या ठिकाणी पोकळी पाडतात. आणि टीप दहा-बारा ओळींची झाली असेल तर ती टीप राहिलेली नाही. ती मजकुरात जायला हवी, किंवा निम्मी गाळायला हवी.

इतर प्रोग्रॅममध्ये

लिब्रे ऑफिस रायटरमध्ये मजकुरातल्या आणि तळाच्या आकड्यांना दोन स्वतंत्र स्टाइली असतात, 'फुटनोट अँकर' आणि 'फुटनोट कॅरेक्टर्स'. त्यामुळे वरचा आकडा चढलेला आणि खालचा ओळीत, अशी मांडणी तिथे चुटकीसरशी होते. वर्डमध्ये त्यासाठी बरीच कसरत लागते. एफ-११ ने स्टाइलींची पट्टी उघडते, कंट्रोल-एम हाताचे डाग धुतं. रेघ, तिच्याभोवतीची जागा आणि टिपांना द्यायची कमाल उंची हे सगळं पेज स्टाइलच्या 'फुटनोट' टॅबवर एकत्र मिळतं, ड्राफ्ट दृश्याच्या गुहेत शिरावं लागत नाही. गूगल डॉक्स टिपा घालायला सोयीचं आहे, पण त्यांच्या मांडणीवर आपला ताबा फारच थोडा. लिहून तिथे घ्या, आणि शेवटची मांडणी फाइल डॉक्सएक्समध्ये उतरवून वर्ड किंवा रायटरमध्ये करा. टिपा खऱ्याच्या खऱ्या पोचतात.

त्या रात्री आम्ही आधी ट्रॅक चेंजेस मान्य केले, खोट्या निघालेल्या टिपा खऱ्या केल्या, स्टाइल दुरुस्त केली, डाग धुतले, आकडे वर चढवले, आणि सर्वात शेवटी पानं चाळली. पहाटेपर्यंत एकच टीप हट्टाला पेटून दोन पानांवर पसरलेली राहिली. तिला सतरा ओळी होत्या. मुलीने ती दोनदा वाचली, म्हणाली, "यातलं मला खरं तर प्रकरणातच लिहायचं होतं," आणि अकरा ओळी उचलून वर नेल्या.